ऐन बहराचे अकरा

भिलाईसारख्या पोलाद घडविणाऱ्या नगरीत एक भेद सर्वांना शिकविल्यावाचून ठाऊक असतो. झोतभट्टीने एखाद्या दिवशी गाठलेला उत्पादनाचा उच्चांक ही एक गोष्ट, आणि त्याच भट्टीची वर्षभराची सरासरी ही दुसरी. उच्चांकाच्या दिवशी पेढे वाटले जातात. परंतु रुळांची मागणी स्वीकारताना व्यवस्थापक सरासरीकडेच पाहतो. दोन्ही आकडे खरेच असतात, तथापि ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे असतात. क्रीडाप्रेमी मंडळी सायंकाळी एकत्र बसून 'सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ संघ' निवडू लागली, की जो वाद माजतो त्याचे मूळ बहुधा हा भेद विसरण्यात असते. एकजण खेळाडूची संपूर्ण कारकीर्द तोलीत असतो, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याचा एकच तेजस्वी मोसम असतो; आणि दोघेही एकाच खेळाडूविषयी बोलत आहोत अशा समजुतीने परस्परांना अज्ञ ठरवितात.

ऑस्ट्रेलियातील लोकांनी या दोन प्रश्नांची फारकत व्यवस्थित केली आहे. त्यांच्याकडे अंडाकृती मैदानावर एका बाजूस अठरा गडी घेऊन खेळला जाणारा एक स्वतंत्र फुटबॉल आहे. त्या खेळात प्रत्येक मोसमाच्या अखेरीस 'ऑल-ऑस्ट्रेलियन' संघ जाहीर होतो, तो केवळ त्या वर्षीच्या खेळावर. आणि १९९६ साली, तेथील प्रमुख संघटनेच्या शताब्दीच्या निमित्ताने, 'शतकातील संघ' निवडला गेला, तो संपूर्ण कारकिर्दींवर. पण या दोहोंमध्ये एक तिसरा संघ संभवतो आणि तो कोणत्याही समितीने जाहीर केलेला नसतो. प्रत्येक खेळाडू त्याच्या ऐन बहराच्या काळात जसा होता, तसाच्या तसा आज मैदानात उतरला तर कोणते गडी निवडावेत? मोसम कोणताही चालेल, पुढे तो खेळाडू कितीही कोमेजला असला तरी चालेल. बहर मात्र अस्सल हवा.

हा प्रयोग करून पाहण्यासाठी भिलाईच्या मराठी माणसास फार दूर जाण्याचे कारण नाही. भिलाईच्या कारखान्यासाठी भारत व सोव्हिएट संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला, तेव्हा हा मुलूख नागपूरच्या राजधानीखाली होता. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भ वेगळा निघाला आणि छत्तीसगडचा कारभार भोपाळकडे गेला. २००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड स्वतंत्र राज्य झाले आणि रणजी करंडकाच्या स्पर्धेत त्याचा स्वतःचा संघ २०१६-१७ च्या मोसमात प्रथम उतरला. तेव्हा एकाच घराच्या तीन पिढ्यांचे क्रिकेट नागपूर, इंदूर आणि रायपूर अशा तीन गावांत विभागलेले आहे. जुना मध्य प्रांत व वऱ्हाड, होळकरांचा संघ, मध्य प्रदेश, विदर्भ आणि छत्तीसगड या साऱ्यांना मिळून एकच क्षेत्र मानावे, हे इतिहासास धरूनच होईल. नियम एवढाच, की खेळाडू या क्षेत्राकडून खेळलेला असावा. इंदूरला जन्मून कर्नाटकाकडून खेळलेले राहुल द्रविड यामुळे हातचे जातात, पण त्यास इलाज नाही.

पहिला प्रश्न बहराच्या लांबीचा. बहर म्हणजे नेमका किती काळ?

अगदी टोकास जाऊन विचार केला, तर बहर एका चेंडूचाही असू शकतो. ३० सप्टेंबर १९९७ रोजी कराचीत पाकिस्तानविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात अखेरचे षटक आले, आणि भिलाईशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे त्या राजेश चौहान यांनी सकलेन मुश्ताक यांचा चेंडू थेट सीमेपार भिरकावला. भारताने तो सामना जिंकला. त्या एका फटक्याच्या निकषावर संघ निवडायचा तर चौहान प्रथम क्रमांकाचे फलंदाज ठरतील, आणि या निष्कर्षास स्वतः चौहानसुद्धा हसतील.

एका दिवसाचा बहर घेतला तर कर्नल सी. के. नायडू पुढे येतात. नागपूरला १८९५ साली जन्मलेल्या या पुरुषाने १ डिसेंबर १९२६ रोजी मुंबईच्या जिमखान्यावर, हिंदूंच्या संघातून, गिलिगन यांच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध दोन तासांहूनही कमी वेळात १५३ धावा काढल्या. त्यांत अकरा षटकार होते. भारताला कसोटी सामन्यांची दारे उघडण्यास हा डाव बराच कारणीभूत झाला असे मानले जाते. आणि त्यांचा कसोटीतील जमाखर्च? सात सामने, ३५० धावा, सरासरी पंचविसाची. नुसत्या या कोष्टकावर विसंबणारा निवडसमितीचा सभासद नायडूंना बाराव्या गड्याचीही जागा देणार नाही. कारण छत्तीस वर्षांच्या वयापूर्वी त्यांना कसोटी सामना खेळावयास मिळालाच नाही, ही गोष्ट कोष्टकात कोठेच लिहिलेली नसते. ज्याला संधी उशिरा मिळाली किंवा जिची मुदत मध्येच तुटली, अशा माणसाला बहराचा निकष न्याय देतो, हे त्याचे खरे सामर्थ्य आहे.

पण एका दिवसावर संघ उभारणे धोक्याचे असते. दैव एका दिवसापुरते कोणासही साथ देऊन जाते. म्हणून बहर किमान एका मोसमाचा असावा, अशी अट घालणे शहाणपणाचे होईल. नायडू या अटीसही उतरतात. १९३२ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी प्रथम दर्जाच्या सामन्यांत १६१८ धावा केल्या, वर मध्यमगती गोलंदाजीने ६५ बळी घेतले आणि पुढील वर्षी 'विस्डेन'ने त्यांची वर्षातील पाच खेळाडूंत गणना केली. संघनायकपदाचा प्रश्न येथेच मिटतो.

नरेंद्र हिरवाणी यांच्याविषयी ही अट आणखीच उद्बोधक आहे. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला, आयुष्यातील पहिल्याच कसोटीत, रिचर्ड्स यांच्या वेस्ट इंडीज संघाचे त्यांनी १३६ धावांत १६ गडी टिपले. पदार्पणात एवढे यश दुसऱ्या कोणाला लाभलेले नाही. लोकांच्या स्मरणात तो एकच सामना राहिला आहे आणि म्हणून हिरवाणी म्हणजे एका सामन्याचा चमत्कार, असे म्हणण्याचा प्रघात पडला. वस्तुतः त्याच वर्षाअखेर न्यूझीलंडविरुद्धच्या तीन कसोटींत त्यांनी आणखी २० बळी घेतले. चार कसोटींत ३६! उरलेल्या तेरा कसोटींत मिळून अवघे ३०. कारकिर्दीची सरासरी काढणारा हे सारे ६६ बळी सतरा सामन्यांवर सारखे पसरून टाकतो, म्हणजे लोणी पाण्यात विरघळवितो. १९८८ चे हिरवाणी आपल्या संघात हवेतच.

दुसरा प्रश्न प्रतिपक्षाचा. भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यास काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या ४५२ च्या विक्रमास नऊच धावा कमी असताना काठेवाडच्या संघनायकाने विश्रांतीच्या वेळी सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकही लाभला नाही. ही हकीकत ऐकून ज्याचे मन विषण्ण होणार नाही तो क्रिकेटचा रसिकच नव्हे. परंतु निवड करणाऱ्यास मनाबरोबर तराजूही बाळगावा लागतो. काठेवाडची गोलंदाजी सामान्य होती. शिवाय तो डाव महाराष्ट्राकडून खेळलेला, आपल्या क्षेत्राकडून नव्हे. तरीही निंबाळकर संघात येतात, कारण होळकरांकडून खेळतानाही त्यांची धावांची भूक तीच होती. १९४५-४६ साली म्हैसूरविरुद्ध होळकर संघाने आठ बाद ९१२ धावांचा जो डोंगर रचला आणि ज्यात एकाच डावात सहा शतके झाली, त्या सहांत निंबाळकर होते. सहांतील दुसरे होते सी. के. नायडू, वयाच्या पन्नाशीत! बहर आयुष्यात एकदाच येतो असे गृहीत धरून चालणाऱ्यांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे.

प्रतिपक्षाचा तराजू किती आवश्यक आहे, हे अलीकडच्या दोन आकड्यांवरून दिसते. रणजीच्या एका मोसमात सर्वाधिक बळींचा बिशनसिंग बेदी यांचा १९७४-७५ चा ६४ बळींचा विक्रम २०१८-१९ मध्ये बिहारच्या आशुतोष अमन यांनी ६८ बळी घेऊन मोडला. पण ते नवोदित संघांच्या प्लेट गटात. २०२४-२५ मध्ये विदर्भाच्या हर्ष दुबे यांनी ६९ बळी घेतले, ते वरिष्ठ गटात, आणि विदर्भाला करंडक मिळवून देत. आकड्यांत फरक एकाचा. मोलात फरक फार मोठा. डावखुऱ्या फिरकीची जागा निर्विवाद दुबे यांची.

येथे एक मोह आवरावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महू येथे सैनिकी नोकरीवर असलेले इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात होळकरांकडून खेळले आणि मुंबईविरुद्ध, हरत्या बाजूस, नाबाद २४९ धावांवर उभे राहिले. नियमाच्या अक्षराप्रमाणे ते पात्र आहेत. पण पाहुण्याला पंक्तीत मानाचे पान मांडावे, घराच्या वाटणीत हिस्सा देऊ नये. त्याच सामन्यात दोन्ही डावांत शतके झळकावणारे मुश्ताक अली घरचेच होते. १९३६ साली मँचेस्टरला मर्चंट यांच्या साथीने २०३ धावांची सलामी देताना त्यांनी ११२ धावा केल्या, ते भारतीयाचे परदेशातील पहिले कसोटी शतक. सलामीस ते. त्यांच्या जोडीला वसीम जाफर, परंतु मुंबईचे तरुण जाफर नव्हेत, तर चाळिशी ओलांडून २०१८-१९ मध्ये विदर्भाकडून १०३७ धावा करणारे.

उरलेल्या बहुतेक जागा फारशी चर्चा न होता भरतात. पाचव्या क्रमांकावर २०२४-२५ च्या मोसमात ९६० धावा करणारे यश राठोड. यष्टिरक्षक मध्य प्रदेशचे नमन ओझा, ज्यांनी २०१४ मध्ये ब्रिस्बेनला भारत 'अ' संघाकडून लागोपाठच्या डावांत नाबाद २१९, ११० आणि नाबाद १०१ धावा केल्या, आणि ज्यांना कसोटी मात्र एकच मिळाली. सातव्या जागी चंदू सरवटे. नऊ कसोटींत तीन बळी आणि २०८ धावा एवढेच ज्यांच्या नावावर दिसते, त्याच सरवट्यांनी त्या ९१२ धावांच्या सामन्यात शतकही केले व एका डावात ६१ धावांत ९ गडीही बाद केले. आणि त्याच वर्षी ओव्हलवर सरेविरुद्ध शूट बॅनर्जी यांच्यासह अखेरच्या जोडीस २४९ धावा जोडल्या. नवा चेंडू खापरखेड्याच्या उमेश यादव यांचा: २०१७ च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत १७ बळी, पुढील वर्षी हैदराबादला वेस्ट इंडीजचे एका कसोटीत १०.

दहा झाले. अकरावी जागा मात्र भिलाईकरांच्या जिव्हाळ्याची आहे, आणि तेथेच निकषाची खरी कसोटी लागते.

एका बाजूस विदर्भाचे रजनीश गुरबाणी. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात, कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर, कर्नाटकाविरुद्ध विदर्भाने पाच धावांनी विजय मिळविला. गुरबाणींचे त्यात बारा बळी. लगेच इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्यांनी त्रिक्रम साधला आणि विदर्भ प्रथमच करंडकाचा धनी झाला. मोसमात एकूण ३९ बळी. बहराचे याहून शुद्ध उदाहरण मिळणे कठीण.

दुसऱ्या बाजूस राजेश चौहान. १९९३ ते १९९८ या काळात एकवीस कसोटी, ४७ बळी. आणि त्या एकवीस कसोटींपैकी भारत एकही हरला नाही. ही नोंद विलक्षण आहे, पण ती आहे कोणाची? डावात पाच बळी चौहानांनी कधी घेतले नाहीत. त्यांच्या आलेखाला सुळकेच नाहीत; पठार आहे. १९९३ च्या आरंभी इंग्लंडला ३-० असे निष्प्रभ करण्यात कुंबळे यांचे २१ बळी होते, दुसऱ्या टोकाला वेंकटपती राजू आणि चौहान होते. धावा अडल्या म्हणजे फलंदाज घाईस येतो आणि बळी पलीकडच्या गोलंदाजाच्या खात्यात पडतो. चौहानांच्या कामाचा फार मोठा भाग असा परक्या खात्यांत जमा आहे.

नियम पाळायचा तर जागा गुरबाणींची. परंतु भिलाईचा चोखंदळ रसिक येथे एक आक्षेप घेईल, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. कुंबळे, राजू, चौहान म्हणजे लेगस्पिन, डावखुरी फिरकी आणि ऑफस्पिन. आपल्या संघात लेगस्पिनला हिरवाणी आहेत, डावखुऱ्या फिरकीला दुबे आहेत. चौहान आले की तीच त्रयी पुन्हा पूर्ण होते. नवा चेंडू उमेश यादव यांच्याबरोबर १९३२ चे नायडू टाकू शकतात.

तेव्हा गुरबाणी अकरावे आणि चौहान बारावे, अशीच नोंद करावी लागते. मात्र सामना ईडन गार्डन्सवर किंवा इंदूरला असेल तरच. तो मद्रासच्या चेपॉकवर, उन्हात भाजून निघालेल्या खेळपट्टीवर असेल, तर नाणेफेकीपूर्वी कर्नल नायडूंनी यादीवरील ही दोन नावे उलटसुलट करावीत.