पेटीचा आवाज फाटला? आधी रबरी कड बघा

आज कीड-रोग आणि खतांच्या मात्रा बाजूला ठेवून स्पीकरविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. शेतीच्या पानावर स्पीकर कशाला, असे विचाराल. विचारणे रास्तच आहे. पण खरिपाच्या सभेत आम्ही सांगतो, की भाताचे बी पेरण्यापूर्वी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवा, त्यात बी बुडवा आणि वर तरंगेल ते पोचट बी काढून टाका. समाजमंदिरातली पेटी फरफरत असेल, तर मागे बसलेल्या बायांना 'तीनशे' ऐकू येते की 'तीस', कोण सांगणार? तीस ग्रॅम मिठाच्या पाण्यात अर्धवट भरलेले बी खालीच बसते आणि चांगले समजून पेरले जाते.

पनवेल तालुक्यात अशी जुनी पेटी नाही असे गाव शोधावे लागेल. डेक आणि रेकॉर्ड प्लेअरच्या जमान्यात भजनी मंडळाने, शाळेने, नाहीतर हौशी मंडळींनी वर्गणी काढून घेतलेली. हळदीला वाजली, सप्ताहाला वाजली, पुढे बेंजो पार्टी आणि मोठे डीजे आले तेव्हा माळ्यावर गेली. कधीतरी खाली काढली, आवाज फाटका आला, की 'स्पीकर गेला' म्हणून भंगारात. माझे म्हणणे एवढेच, की अशा बऱ्याच पेट्यांतला स्पीकर गेलेला नसतो, त्याची फक्त कड गेलेली असते. चाकाचा टायर झिजला म्हणून आपण बैलगाडी मोडीत काढत नाही.

आवाज गावापर्यंत पोचवण्याचा खटाटोप आपल्या राज्यात तसा जुना आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत रेडिओ श्रोता मंडळे चालवली होती. आठवड्यातून दोनदा, असे दहा आठवडे कार्यक्रम. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायची आणि मग करून बघायचे. त्याचा अभ्यास टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरथ यांनी केला. आपला कुलाबा जिल्हा त्यात नव्हता. पण त्या सगळ्या प्रयोगाचा पाया एकच होता : पेटीतून निघालेला शब्द शेवटच्या माणसाला स्वच्छ कळला पाहिजे.

आता पेटीच्या आत काय असते ते बघू. मागे चुंबक. चुंबकाच्या गोल फटीत तांब्याच्या तारेची कॉइल. कॉइलला चिकटवलेला कागदी कोन, मेकॅनिक त्याला नुसते 'पेपर' म्हणतात. अँप्लिफायरचा करंट आला की कॉइल पुढे-मागे हलते, तिच्याबरोबर कोन हलतो आणि हवा ढकलली जाते. ही रचना १९२५ साली अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी मांडली. (आपल्या भाताच्या जिल्ह्याने राइससाहेबांचे नाव विसरू नये.) आजही स्पीकर त्याच तत्त्वावर चालतो.

हा कोन अधांतरी दोन ठिकाणी तोललेला असतो. आतल्या बाजूला घड्या-घड्यांची कापडी चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. बाहेरच्या बाजूला कोन आणि लोखंडी चौकट यांच्यामध्ये जी लवचीक रिंग असते, ती आपली कड. दुकानात 'रबर रिंग' किंवा 'सराउंड' म्हणून मागायची. कड कोनाला मोकळेपणी हलू देते, पण वाकडे जाऊ देत नाही. कॉइल आणि चुंबक यांच्यातली फट मिलिमीटरच्या अंशाएवढी असते. कड एका बाजूने सुटली की कॉइल तिरपी होते आणि चुंबकाला घासते. तारेवरचे इनॅमल निघते, तार शॉर्ट होते आणि मग अँप्लिफायरलाही फटका बसतो. शिवाय भेगेतून पुढची हवा मागे पळते, म्हणजे ढोलकीचा घुमारा गेलाच. म्हणून आवाज फरफरायला लागला, की व्हॉल्यूम वाढवून बघण्याआधी पेटी बंद करा.

रबर का खराब होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. भात गिरणीतला रबरी रोलर उन्हात पडून राहिला की कडक होतो आणि तांदळाचा तुकडा वाढतो. फवारणी पंपाचा वॉशर रॉकेलमध्ये राहिला की फुगतो. स्पीकरच्या कडेला तेच शत्रू : ऊन, उष्णता, हवेतला ओझोन आणि तेल. तेलावरून आठवले. कड कडक झाली म्हणून तिला खोबरेल किंवा इंजिन ऑइल चोळणारे महाभाग गावोगाव आहेत. दोन दिवस मऊ वाटते, नंतर रबर फुगते, चिकट होते, आणि पुढे त्यावर कुठलेही चिकट धरत नाही. असे करू नका.

सगळ्याच स्पीकरला रबर नसते, हेही लक्षात घ्या. मर्फी, बुशच्या जुन्या रेडिओत कोनाचीच घड्या घातलेली कागदी कड असते. सभेच्या कॉलममध्ये बहुधा डोप लावलेली कापडी कड असते, ती वर्षानुवर्षे टिकते. भोंग्यात तर कोनच नसतो, छोटा पडदा असतो. यांना रबर लावायला जाल तर असलेला आवाज घालवाल, कारण रबर जड असते आणि कोनाला जड केले की तेवढ्याच करंटमध्ये आवाज कमी निघतो. फोमची कड ही आणखी निराळी जात. बोट लावले की भुगा होतो ती फोमची. आपल्याकडे खाडीची हवा आणि चार महिने पाऊस, आणि ओलाव्याने फोम कुजतोच. फोमच्या जागी फोम, रबराच्या जागी रबर, हा साधा नियम पाळा.

खरेदीला धावण्यापूर्वी स्पीकर बाहेर काढून तीन गोष्टी तपासा. मल्टीमीटर लावा. आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा ते सात ओहम दाखवतो, चार ओहमचा तीन ते साडेतीन. काटा हललाच नाही तर कॉइल किंवा तिची तार तुटली आहे आणि नुसती कड बदलून काही होणार नाही. मग पाचही बोटे कोनावर सारखी टेकवून हलकेच आत ढकला. खरखर लागली तर कॉइल घासते आहे. कडेच्या दोषाने घासत असेल तर जमेल, पण कॉइल फुगलेली किंवा जळकट वासाची असेल तर पेपर-कॉइल दोन्ही बदलावे लागतील, तो कारागिराचा प्रांत. तिसरे म्हणजे कड खरेच फाटली आहे का, ते उजेडात बघा. रबर पुष्कळदा शाबूत असते, जुने चिकट सुटलेले असते. तेव्हा नवी रिंग कशाला? साफ करून तीच परत चिकटवा.

बदलायचीच असेल तर सगळा खेळ मापाचा आहे. 'आठ इंची द्या' म्हणून आणलेली रिंग बसेलच असे नाही, कारण आठ इंची म्हणजे चौकटीचे माप, आणि एकाच चौकटीत दोन कंपन्यांचे कोन लहान-मोठे असतात. मिलिमीटरची पट्टी घ्या. चौकटीवर कड जिथे चिकटते त्या गोलाचा बाहेरचा व्यास, कोनाचा व्यास, कडेच्या फुगीर भागाची रुंदी, आणि कोनाला चिकटणारी पट्टी सपाट आहे की उतरती, एवढे लिहून घ्या. कड कोनाच्या वरून चिकटलेली आहे की मागून, हेही. फुगवटा बाहेर आहे की आत, तेही. मोबाइलवर फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. पनवेलच्या बाजारात मिळाली नाही तर कुर्ला, दादर करत ग्रँट रोडला उतरावे, लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांची दुकाने आहेत. ऑनलाइनही मिळते, पण मापे नसतील तर ऑनलाइन म्हणजे जुगार. जुन्या सायकलच्या ट्यूबची रिंग कापून लावू नका. ती सपाट असते, तिला फुगवटा नाही, कोन जागच्या जागी अडकतो.

जुनी कड काढताना घाई नको. चौकटीवरची पुठ्ठ्याची किंवा बुचाची रिंग अखंड काढून ठेवा, ती परत लागते. उरलेले चिकट बोथट सुरीने खरवडा आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. थिनर वापराल तर कागदी कोनातले आणि कॉइलवरचे चिकटही सुटेल. लोखंडी पाते चुंबकाजवळ आपोआप ओढले जाते, कोनाला भोक पाडायला एक क्षण पुरतो. काम करायची जागाही झाडून घ्या. जमिनीवरचा लोखंडाचा कीस फटीत गेला तर तो काढणे महाकठीण.

चिकट कुठले? सिंथेटिक रबराचे, फेविबाँडच्या जातीचे, जे सुकल्यावरही वाकते. फेविक्विक आणि एम-सील कडक होतात, तिथेच नवी भेग पडते. पावसाळ्यात हे काम शक्यतो काढू नका. दिवाळीनंतर कोरड्या हवेत चिकट चांगले धरते. आधी कड कोनाला लावा आणि एक दिवस तशीच राहू द्या. चौकटीची बाजू दुसऱ्या दिवशी.

ही दुसऱ्या दिवसाची पायरीच खरी कसोटीची. कॉइल फटीच्या बरोबर मध्यावर असताना कड चौकटीला धरली पाहिजे. जुने कारागीर कोनाच्या मधली टोपी ब्लेडने कापून उचलतात आणि कॉइल व मधल्या लोखंडाच्या मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मच्या तीन-चार पट्ट्या उभ्या घालतात. पट्ट्या सारख्या घट्ट बसल्या की कॉइल मध्यावर आली. मग चौकटीला चिकट लावायचे, ओले असतानाच कड टेकवायची म्हणजे सरकवायला दोन-चार मिनिटे मिळतात, आणि भोवती कपड्यांचे चिमटे लावायचे. पट्ट्या चोवीस तासांनी काढायच्या, टोपी परत चिकटवायची. टोपी कापायची नसेल तर कड टेकवल्यावर बोटांनी कोन सगळीकडून दाबून बघा, जिकडे घासेल तिथून किंचित सरकवा. हे पहिल्या खेपेला जमेलच असे नाही. म्हणून सरावाला एखादा टाकाऊ स्पीकर घ्या, मंडळाच्या पेटीवर हात शिकू नका.

सुकल्यावर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचा धन टोक खुणेच्या पिनेला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. दोन पेट्यांत दोन्ही कोन एकाच दिशेने हलले पाहिजेत, नाहीतर खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. पहिले काही तास हळू आवाजातच वाजवा.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींना एक वेगळे सांगायचे आहे. जुनी पेटी डेडस्टॉक रजिस्टरवर असेल तर निर्लेखनाचा ठराव घेण्याआधी मेकॅनिककडून लेखी घ्या, की दोष कॉइलमध्ये आहे की कडेत. दुरुस्तीचा आणि नव्या पेटीचा, दोन्ही दर सभेपुढे ठेवा. दोन्ही स्पीकरची कॉइल जळली असेल, प्लायवूडला वाळवी लागली असेल, तर खुशाल लिलाव करा, जुन्याची भक्ती नको. मात्र भंगारवाला 'चुंबक तेवढे काढून द्या' म्हणाला तर सावध व्हा. जुन्या काही स्पीकरमध्ये अल्निको चुंबक असते. ते जागेवरून काढले की त्याची ताकद उतरते आणि पुढे तो स्पीकर कुणाच्याच कामाचा राहत नाही.

पेटी नीट वाजायला लागली म्हणून नियम बदलत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे लाऊडस्पीकरला परवानगी लागते, रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवायचा, आणि निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. माझा अनुभव असा, की फाटक्या पेटीवर माणसे आवाज चढवत जातात, कारण शब्दच कळत नाही. स्वच्छ पेटी निम्म्या आवाजात भागते.

राहता राहिली साठवण. पेटी चुलीच्या वर, पत्र्याला टेकून किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. सुती कापडाने झाका. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली तर आत ओल धरते. जमिनीवर थेट न ठेवता दोन फळ्यांवर ठेवा. पुढे जाळी नसेल तर बारीक तारेची बसवा, उंदराला कागदी कोन आवडतो. जड चुंबकाचा स्पीकर वर्षानुवर्षे एकाच बाजूने लोंबकळला की स्पायडर ढिला पडतो, म्हणून परत बसवताना तो अर्धा फेरा फिरवून स्क्रू करा. आणि कड बदलल्याची तारीख, रिंगची मापे आणि वापरलेले चिकट पेटीच्या आतल्या फळीवर पेन्सिलीने लिहून ठेवा. पुढच्या वेळी ती पेटी उघडणाऱ्याला पट्टी शोधावी लागणार नाही.