बोटीचे जुने इंजिन : पावसाआधीच तपासा

आम्ही कापडवाले, बोटीच्या इंजिनाशी आमचा काय संबंध, असे कोणी विचारील. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45 फूट. आमचे गठ्ठे भिजले ते भिजलेच. पण माणसे काढायला आणलेल्या एका बोटीचे जुने इंजिन दोरी ओढून हात भरून आले तरी सुरू झाले नाही. दोष निघाला कंडेन्सरचा. एवढासा भाग!

साताऱ्याकडे शिवसागर जलाशयावर तापोळा, बामणोलीला बोटी रोज चालतात. आपल्याकडे पुराची बोट मात्र वर्षानुवर्षे पडून असते. म्हणून ही तपासणी मे महिन्यातच करावी. राजदूत, येझदी दुरुस्त केलेल्या कारागिरांना हे काम अवघड नाही.

प्रथम करंट. पेट्रोल दूर ठेवून प्लग काढा, टोपीत बसवून इंजिनाच्या अंगाला टेकवा व दोरी ओढा. ठिणगी निळी, कडक हवी. पिवळी, दुबळी असेल तर फ्लायव्हीलखालचे पॉइंट साफ करून फीलर गेजने फट मापा. कंडेन्सर सोडवून काट्याच्या मीटरवर लावा. काटा उडून परत आला पाहिजे. शून्यावरच थांबला तर कंडेन्सर बाद समजा.

दुसरे पेट्रोल. जुने पेट्रोल सुकून कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकटा धरते. जेट धुऊन फुंकावा. तार घातली तर भोक मोठे होते. ऑइलचे प्रमाण मॉडेलप्रमाणे ठेवा: कुठे 24 ला 1, कुठे 50 ला 1.

तिसरे पाणी. इंजिन कोरडे चालवू नये. रबरी इंपेलर जळतो. पाण्याच्या पिंपात चालवा. थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर दिसली नाही तर लगेच बंद करा.

शेवटी पंख्याची शिअर पिन. पंखा दगडाला, लाकडाला अडकला की ही पिन तुटते आणि गिअर वाचतात. तिच्या जागी खिळा ठोकणे म्हणजे चार आण्यांसाठी गिअर घालवणे. दोन पिना बोटीतच बांधून ठेवाव्यात.

कारागीर बंधूंनो, मजुरी वाजवी घ्या, पण तपासणीची तारीख इंजिनावर लिहून द्या. कापडातला डाग गिऱ्हाईक परत आणून दाखवते. पुरात बंद पडलेल्या इंजिनाची तक्रार सांगायला माणूस परत येईलच असे नाही.