शुगर काय फक्त जाड्यांनाच होते?

आमच्या वस्त्यांमध्ये माणसाची तब्येत डोळ्यांनीच मोजली जाते. अंगाने भरलेला दिसला की ‘खात्यापित्या घरचा’, काटक दिसला की ‘कष्टाचं शरीर, याला काय होतंय!’ आणि शुगर? ती तर शेठजींचा आजार! हमालाला, सफाई कामगाराला, धुणीभांडी करणाऱ्या बाईला ती कशी होईल? या समजापायी माणसे रक्त तपासत नाहीत. पायाची जखम चिघळली, डोळ्यांपुढे अंधारी आली की मग दवाखाना गाठतात. म्हणून हा समज तपासलाच पाहिजे.

लठ्ठपणामुळे मधुमेहाचा धोका वाढतो, हे खरे. परंतु म्हणून बारीक माणूस सुरक्षित, हे खोटे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काटा वजन सांगतो. ते स्नायूंचे की चरबीचे, हे सांगत नाही.

हा फरक जन्मापासूनच असतो. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणजे आईच्या पोटची भूक मुलाच्या रक्तात साखर होऊन परत येते.

आणि इथेच दुसरा समज आडवा येतो. ‘गरोदर बाईने बेताने खावे, बाळ मोठे झाले तर सुटका अवघड.’ घरची वडीलधारी बाई हे मायेनेच सांगते, पण सल्ला घातक आहे. त्याच गावांत ज्या माता हिरव्या पालेभाज्या आणि फळे अधिक वेळा खात, त्यांची बाळे भरलेली होती. ज्या जास्त अंगमेहनत करत, त्यांची हलकी होती.

पण सारा दोष समजुतीवर ढकलून कसे चालेल? रोजंदारीवरच्या बाईने विश्रांती घेतली तर चूल कशी पेटणार? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. गर्भवती कामगार स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. आज ऊसतोडणीच्या फडात आणि बांधकामावर राबणाऱ्या किती बायांना पगारी रजा मिळते?

आता ‘श्रीमंतांचा आजार’ या समजाचेही पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पंधरा राज्यांतील पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेहाचे प्रमाण सुस्थितीतील लोकांपेक्षा गरिबांत अधिक आढळले. आजार झोपडपट्टीत पोहोचला. समज मात्र माडीवरच अडकून पडला!

तेव्हा बांधवांनो, आरशावर विसंबू नका. कमरेचा घेर मोजा. पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरपुढे गेला तर सावध व्हा. घेर कमी असला तरी तिशीनंतर रक्त तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. घरातल्या गरोदर सुनेच्या ताटात आधी भाजी वाढा. आणि आमच्या संघटनांनी, महिला मंडळांनी जयंतीच्या मंडपाशेजारी एक तपासणीचे टेबल लावावे. ऐकीव गोष्ट तपासल्याखेरीज मानू नये, हे आपण व्यासपीठावरून सांगतो. ते आता आपल्या शरीरालाही लागू करू या.