एम.लिब. करताय? मग हे वाचाच!

‘नोकरी सोडावी आणि लायब्ररीत शांतपणे पुस्तकं वाचत बसावं...’ लंच टाइमला हा विचार तुमच्याही मनात येऊन गेलाय ना? मग लायब्ररी सायन्सचं मास्टर्स, म्हणजे एम.लिब., करण्याआधी एक ऐका: इथे स्वतः वाचायचं कमी, दुसऱ्याला शोधून द्यायचं जास्त! वर्गीकरण, कॅटलॉगिंग, डेटाबेस, ‘कोहा’सारखी सॉफ्टवेअर्स असा सगळा अभ्यास.

पदवी कुठलीही चालते. आधी वर्षभराचं बी.लिब., मग वर्षभराचं एम.लिब. नोकरी सांभाळून करायचं तर इग्नू आहेच. कॉलेजात ग्रंथपाल व्हायचं असेल, तर यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार एम.लिब.ला ५५ टक्के आणि सहसा नेट किंवा सेट हवी. त्याच नियमांत सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, म्हणजे असिस्टंट प्रोफेसरइतकंच! पण एका कॉलेजात ग्रंथपाल असतो एकच. तेव्हा राजीनाम्याची घाई नको, आधी बी.लिब. करून बघा, रमताय का ते.

आता उशीर झाला म्हणताय? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन आधी गणित शिकवायचे. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती!