सीमाभागातील आरोग्यसेविका

बेळगाव जिल्ह्यातील सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मादेवीचे ठाणे आहे. निपाणी-चिकोडीपासून गडहिंग्लज-मिरजेपर्यंतची मराठी व कानडी माणसे तेथे यात्रेस जातात. ह्याच श्रद्धेच्या आडोशाने दलित, निर्धन घरांतील मुली देवीस सोडण्याची चाल पडली. गळ्यात लाल-पांढरे मणी बांधले गेले की मुलीचे लग्न होत नसे. मग पैशाचे आमिष दाखवून तिला मुंबई, पुणे, सांगली येथील कुंटणखान्यांत नेणे दलालास सोपे जाई.

ह्या चालीविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली व कर्नाटकात १९८२ साली कायदे झाले. १९७५ साली गडहिंग्लज येथे देवदासींची परिषदही भरली. पण मुलगी देवीस सोडण्याचा विचार घरात शिजतो, तेव्हा तेथे कायदा हजर नसतो. गावची आरोग्यसेविका मात्र तेथवर पोहोचू शकते.

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने साधारणतः हजार वस्तीमागे एक ‘आशा’ कार्यकर्ती नेमण्याची योजना केली. ती त्याच गावची असते. बाळंतिणीची विचारपूस, मुलांचे लसीकरण ह्या निमित्ताने ती घरोघर जाते. मुलीच्या केसांत जट झाली म्हणजे देवीचे बोलावणे आले, अशी समजूत आहे. वास्तविक केस न धुता, न विंचरता राहिले की गुंततात, मळ साचतो व जट बनते. हे समजावून जट सोडविण्यास वा कापण्यास ती आईचे मन वळवू शकते.

समजा, पंधरा वर्षांची मुलगी एकाएकी दिसेनाशी झाली आणि ‘मावशीकडे गेली’ एवढेच उत्तर मिळाले. कोणत्या गावी, कोणाबरोबर, कोणत्या कामास, हे आपुलकीने विचारणे तिला शक्य असते. उत्तरे जुळली नाहीत, तर शाळा, अंगणवाडी व ग्रामपंचायत यांस सावध करता येते. १०९८ ह्या क्रमांकावर मुलांसाठी विनामूल्य मदत मिळते.

तथापि ती पोलीस नव्हे. तिला त्याच गल्लीत राहावयाचे असते. दलालाचे वैर तिने एकटीने ओढवून घ्यावे, ही अपेक्षा अन्यायाची होय. खबर कोणी दिली हे गुप्त राहिले पाहिजे. तसेच देवदासी मातेस दोष देणाऱ्यास तिच्या घराचे दार बंद होते, आणि मुलगी मात्र आतच राहते. म्हणून आरोग्यसेविकेने मातेचा विश्वास सांभाळावा, व गावाने आरोग्यसेविकेस सांभाळावे.