जिथे सोनाराचा हात पोचत नाही

कान-नाक टोचायचं तर गावोगावी सोनार आहे. तान्ह्या बाळाचा कान तो बोलता बोलता टोचून मोकळा होतो. पण बेंबी, स्तनाग्र किंवा त्याहून खासगी जागा टोचून घ्यायची असेल तर जायचं कोणाकडे? मोठ्या शहरांत स्टुडिओ आहेत. तिथे अनोळखी माणसासमोर कपडे उतरवायचे, पैसे मोजायचे आणि वर घरी कळू नये म्हणून धडपडायचं. त्यापेक्षा ऑनलाइन मागवलेला संच सोयीचा वाटतो : पोकळ सुई, चिमटा, हातमोजे, स्पिरिटचा बोळा, एक-दोन बाळ्या. न्हाणीघराची कडी लागते आणि माणूस स्वतःच स्वतःचा सोनार होतो.

शरीर ज्याचं त्याचं, दागिनाही ज्याचा त्याचा. कुणी कुठे काय घालावं यावर नाक मुरडायला हा लेख नाही. मला खटकतं ते वेगळंच. या साऱ्या प्रकारात सुई आत जाणं हा सर्वांत सोपा भाग असतो, आणि तयारी मात्र तेवढ्याच भागाची केलेली असते.

त्वचेला भोक पडलं की शरीर ते बुजवायला निघतं. रक्त गोठतं, पांढऱ्या पेशी गोळा होतात, नव्या कोलॅजनचं जाळं विणलं जातं आणि कडेच्या त्वचापेशी सरकत सरकत एकमेकींना भेटल्या की जखम मिटते. मध्ये दागिना असला की ही भेट होत नाही. मग त्या पेशी धातूच्या कडेकडेने दोन्ही तोंडांकडून आत सरकतात आणि अखेर त्वचेचं अस्तर असलेली एक नळी तयार होते. कानाच्या पाळीत याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. बेंबीला सहा महिने ते वर्ष, स्तनाग्राला जवळपास तेवढंच. जिभेला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ती महिना-दीड महिन्यात सावरते. गंमत अशी की नळीची तोंडं आधी बरी होतात आणि मधला भाग शेवटी. बाहेरून सगळं कोरडं, छान दिसतं, आणि नेमकं तेव्हाच लोक बाळी बदलायला घेतात. आतली कोवळी कातडी फाटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

टोचण्यापेक्षा नंतरची काळजी मोठी, हे जुन्या लोकांना ठाऊक होतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्याचा आहे. पाळी उन्हात धरून, प्रकाश जिथून आरपार दिसतो तिथेच टोचावं, कालिका, मर्मरिका आणि लोहितिका या शिरा टाळाव्यात, असं तिथे सांगितलं आहे. लोहितिका दुखावली तर मान आखडते, झटके येतात, हे वर्णन वाचून आजच्या डॉक्टरला धनुर्वात आठवल्याशिवाय राहणार नाही. टोचल्यावर भोकात तेलाची वात घालायची आणि दर तिसऱ्या दिवशी थोडी जाड वात. सुई वाईट असेल, वाकडी गेली असेल किंवा वात फार जाड झाली असेल तर सूज येते, तेव्हा वात काढून आधी उपचार करावेत, हेही लिहिलं आहे. अध्यायाचा फार मोठा भाग टोचण्यानंतरच्या भानगडींवर खर्च झाला आहे. संचाबरोबर येणाऱ्या चिठोरीत नेमका हाच भाग नसतो.

आता कानाच्या वरच्या कडेकडे या. आपल्याकडची बुगडी आणि पुन्हा फॅशनमध्ये आलेली भिकबाळी इथेच बसते. पाळीत नुसती चरबी आणि त्वचा, पण इथे कूर्चा असते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरचं पातळ आवरण जे झिरपू देईल त्यावर ती जगते. जंतू शिरले आणि आवरणाखाली पू साठला की हा पुरवठा तुटतो, कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळतो. हे काम बहुधा सुडोमोनास नावाचा जिवाणू करतो, आणि घरात उरलेल्या नेहमीच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत. २००० साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात एका दागिन्यांच्या टपरीवर कान टोचून घेतलेल्या सात जणांना हा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं. काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. तपासात जंतू सापडले ते जंतुनाशकाच्याच बाटलीत! एकदाच वापरून फेकायची बाटली पुन्हा पुन्हा भरली जात होती.

स्पिरिटचा बोळा फिरवला की काम झालं, या समजाचं उत्तर या घटनेत आहे. गॅसच्या ज्योतीवर धरलेल्या सुईला काजळी धरते. उकळत्या पाण्यात बरेच जंतू मरतात, पण धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू त्यातूनही वाचू शकतात. त्यांना १२१ अंश सेल्सिअसची दाबाखालची वाफ लागते, तीही पंधरा-वीस मिनिटं. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तात, सात दिवस तग धरतो. दोन मैत्रिणींनी किंवा मित्रांनी एकच सुई पुसून वापरणं हा म्हणूनच सर्वांत वाईट प्रकार.

बेंबी हे तर जंतूंचं अभयारण्यच. अमेरिकन शास्त्रज्ञांनी ६० जणांच्या बेंबीतले नमुने तपासले, तेव्हा जिवाणूंचे २,३६८ प्रकार मिळाले. हा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. यातले बहुतेक निरुपद्रवी, पण ताजी जखम ही त्यांना मिळालेली नवी जागा असते. त्यात परकराची नाडी, जीन्सचा पट्टा, घाम. बाळी फार वरवर घातली असेल तर शरीर तिला काट्यासारखं हळूहळू बाहेर ढकलतं आणि मागे लांबट व्रण उरतो. लहानसा हर्निया असलेल्या बेंबीत सुई घातली तर प्रकरण थेट पोटाच्या आत जाऊ शकतं.

स्तनाग्रात दुधाच्या नलिका उघडतात, त्यामुळे जंतूंना आत जायला वाट आयती. गळू कित्येकदा महिन्यांनी होतं. क्षयरोगाच्या जिवाणूच्या भाऊबंदांपैकी एखादा त्यामागे असला तर औषधं कित्येक महिने चालतात. जननेंद्रियाच्या भागात रक्तवाहिन्या आणि चेतातंतू दाट, आणि प्रत्येकाची ठेवण निराळी. अनुभवी टोचणारा काही जणांना सरळ नकार देतो, कारण त्या ठेवणीत दागिना टिकणारच नसतो. स्वतःचं स्वतः करणाऱ्याला नकार देणार कोण? शिवाय आरशात पाहून, वाकून, एका हाताने कातडी धरून सुई सरळ जात नाही. पुढे दागिन्यामुळे कंडोम फाटण्याचा धोका राहतो, आणि न भरलेल्या जखमेतून लैंगिक आजार सहज शिरतात.

आणखी एक गोष्ट कुणी मोजत नाही : भोवळ. वेदना किंवा रक्त पाहून काहींच्या हृदयाचे ठोके एकदम मंदावतात, पायांतल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब घसरतो. धडधाकट माणूसही कोसळतो. सोनारापुढे किंवा दवाखान्यात कुणीतरी सावरतं. कडी लावलेल्या न्हाणीघरात, सुई अर्धवट आत असताना, समोर फक्त फरशी असते.

इंग्लंडमध्ये १० हजारांहून अधिक लोकांची पाहणी २००८ साली प्रसिद्ध झाली. १६ ते २४ वयोगटात कानाच्या पाळीखेरीज टोचलेल्या जागांपैकी सुमारे ३१ टक्के जागी काही ना काही त्रास झाला होता. बहुतेक किरकोळ, पण शंभरातल्या साधारण एका प्रकरणात रुग्णालय गाठावं लागलं, आणि जिथे टोचणारा जाणकार नव्हता तिथे ही वेळ अधिक वेळा आलेली दिसली.

धातूचाही घोळ आहे. स्वस्त बाळीतून निकेल झिरपतं आणि एकदा जडलेली निकेलची ॲलर्जी सहसा आयुष्यभर राहते, मग घड्याळाचा पट्टाही चालत नाही. युरोपात टोचलेल्या जागी घालायच्या दागिन्यातून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच निकेल सुटावं असं बंधन आहे. संचातल्या बाळीवर असं काही लिहिलेलं आहे का, ते जरूर पाहा. घरात कुणाला व्रण फुगण्याची, केलॉइडची, प्रवृत्ती असेल तर मात्र कुठलाच धातू उपयोगाचा नाही. तिथे टोचूच नये.

आपल्याकडची खरी अडचण लाजेची आहे. लाजेपोटी माणूस घरी टोचतो, आणि सूज आली की त्याच लाजेपोटी हळद, मलम, शेक करत आठवडा घालवतो. टोचून घ्यायचंच असेल तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र, दाखवणारा, कोरी सुई समोर उघडणारा जाणकार शोधा. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बीची लस आधी घ्या. आणि घरी टोचून झालंच असेल, लाली पसरते आहे, पू येतो आहे, ताप चढला आहे, तर दागिना स्वतः काढू नका. भोक मिटून पू आतच अडकू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि कुठे टोचलं आहे, कधी आणि कशाने, ते स्पष्ट सांगा.