धाग्याच्या गावी ठरलेला विजेता

शनिवार, दि. १६ मे १९१४. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील पॉटकेट या गिरणगावात सुमारे दहा हजार प्रेक्षक फुटबॉलचा एक सामना पाहण्यासाठी जमले होते. ब्रुकलिन फील्ड क्लब आणि ब्रुकलिन सेल्टिक हे दोन्ही संघ न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनचे. शेजाऱ्याशीच सामना करण्यासाठी उभयतांनी परराज्यातील हे गाव गाठले होते. राष्ट्रीय चॅलेंज चषकाच्या पहिल्या हंगामाची ती अंतिम लढत होती. मैदानाचे नाव कोट्स मैदान. ते शिवणदोरा तयार करणाऱ्या कंपनीचे होते. अमेरिकेतील फुटबॉलचा आरंभ शोधू लागले की, असा दोरा वारंवार हाती लागतो.

स्कॉटलंडमधील पेझली हे दोऱ्याच्या व्यवसायाचे जुने केंद्र. तेथील क्लार्क आणि कोट्स या दोन व्यापारी घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आपल्या गिरण्या उभारल्या. शिवणयंत्र घरोघरी पोहोचू लागले होते आणि त्यावर न तुटता चालेल अशा मजबूत सुती दोऱ्याला मोठी मागणी होती. क्लार्क यांनी असा दोरा ‘ओ. एन. टी.’, म्हणजे ‘आमचा नवा धागा’, या छापाने बाजारात आणला. न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क व पसेइक नदीपलीकडील कर्नी येथे त्यांच्या गिरण्या होत्या. पेझलीहून आलेल्या कामगारांनी आपले कसब आणले, तसा आपला खेळही आणला.

मात्र प्रत्येक गावाचे नियम निराळे असत आणि त्यावरून तंटे होत. सर्वांनी एकाच नियमाने खेळावे, या हेतूने १८८४ साली न्यूअर्क येथे अमेरिकन फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. तिने लगेच बाद पद्धतीची चषक स्पर्धा सुरू केली. जो हरेल तो बाहेर, जो जिंकेल तो पुढच्या फेरीत. १८८५ साली पहिला अमेरिकन चषक जिंकला तो क्लार्कच्या गिरणीतील कामगारांच्या ओ. एन. टी. या संघाने. पुढील दोन वर्षेही चषक त्यांच्याकडेच राहिला. त्यानंतर तो मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर या दुसऱ्या कापडनगरीकडे गेला. १८९३ च्या आर्थिक संकटानंतरचा काळ गिरणगावांना कठीण गेला. १८९९ पासून ही स्पर्धा खंडित झाली आणि १९०६ मध्येच पुन्हा उभी राहिली.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये दुसरी संघटना निघाली. १९१२ साली स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाची सभा भरली, तेव्हा अमेरिकेच्या वतीने कोणाला मान्यता द्यावी, हा प्रश्न उपस्थित झाला. आधी आपसांत एक व्हा, असा सल्ला मिळाला. वाटाघाटी झाल्या आणि फिसकटल्याही. अखेर ५ एप्रिल १९१३ रोजी युनायटेड स्टेट्स फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली आणि त्याच वर्षी महासंघाने तिला तात्पुरती मान्यता दिली. जुन्या संघटनेनेही पुढे तिच्याशी जुळवून घेतले. भागीदार विभक्त होण्याच्या बेतात असताना पेढीचे नाव राखले जावे, तसा हा प्रसंग होता. परंतु कागदावरची मान्यता पुरेशी नव्हती. देशभरातील क्लब तिच्या बोलावण्यावर येतील काय आणि तिचा निर्णय शिरोधार्य मानतील काय, हे मैदानावरच ठरणार होते.

त्यासाठी राष्ट्रीय चॅलेंज चषक योजला गेला. स्कॉटलंडमधील मद्य-उद्योगपती सर टॉमस ड्युअर यांनी १९१२ साली दिलेला चषक या स्पर्धेचे मानचिन्ह झाला. हौशी व व्यावसायिक, दोन्ही प्रकारच्या संघांना प्रवेश खुला ठेवण्यात आला. चाळीस संघांनी नावे नोंदविली. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या खेळाडूंना परगावच्या सामन्यासाठी रेल्वेचा प्रवास आणि त्याचा खर्च सोसावा लागे. तरीही एकेक फेरी पार पडत गेली.

पॉटकेट हे स्थळ या कथेला साजेसेच होते. अमेरिकेत पाण्याच्या बळावर यंत्राने सूत काढण्याचा पहिला यशस्वी प्रयोग सॅम्युएल स्लेटर याने १७९० साली याच गावी केला होता. क्लार्क आणि कोट्स ही एकेकाळची प्रतिस्पर्धी घराणी १८९६ मध्ये एका छत्राखाली आली होती. शिवणदोऱ्याच्या भारतीय बाजारपेठेतही कोट्स हे नाव परिचयाचे आहे. त्याच कंपनीच्या मैदानावर फील्ड क्लब व सेल्टिक यांची बराच वेळ एकेक गोल अशी बरोबरी राहिली. सामना संपण्यास थोडीच मिनिटे उरली असता जेम्स फोर्डने निर्णायक गोल केला आणि फील्ड क्लबने २-१ असा विजय मिळविला.

पुढच्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियातील पोलाद कारखान्याच्या बेथलेहेम संघाने हा चषक जिंकला. कापसाच्या गावांचे दिवस सरून पोलादाचे दिवस आले. जुना अमेरिकन चषक १९२४ मध्ये संपुष्टात आला. राष्ट्रीय चषक मात्र दोन महायुद्धे आणि महामंदी यांतूनही दरवर्षी खेळला गेला. त्यात पहिला खंड पडला तो २०२० साली, करोनाच्या साथीमुळे. ‘यू. एस. ओपन कप’ या नावाने ती स्पर्धा आजही चालू आहे.

१९१४ मधील विजेता ब्रुकलिन फील्ड क्लब आज अस्तित्वात नाही, ओ. एन. टी. संघही इतिहासजमा झाला. टिकून राहिली ती सर्वांनी मान्य केलेली व्यवस्था. एकाच गावच्या दोन संघांनी तिसऱ्या गावी जाऊन एका पंचाचा निर्णय स्वीकारला, त्या दिवशी नव्या संघटनेची पत खऱ्या अर्थाने सिद्ध झाली. व्यापारात पत कशी बांधली जाते हे जाणणाऱ्यांना त्या दिवसाचे मोल सहज उमगेल.